एमजीबीचे स्पेसर म्हणून मारुती ८०० चा माल गळ्यात मारला, सावध रहा

जरा मोठं लिहितोय पण ज्यांच्याकडे जुनी इंग्लिश गाडी आहे त्यांनी पूर्ण वाचा, कारण ज्याने मला हे स्पेसर (चाक आणि ते ज्यावर बसतं तो हब, यांच्या मध्ये टाकायची धातूची चकती) विकले तो माणूस अजून विकतोय आणि मागच्याच आठवड्यात कराडच्या एका हेराल्ड गाडीवाल्याला त्याने मला पाठवलेले तेच फोटो पाठवलेत.

गाडी आमच्या काकांची, १९६७ ची एमजीबी, १७९८ सीसी, दोन एसयू कार्ब्युरेटर, आता माझ्याकडे साताऱ्यात आहे. पाच लाखांवर बनल्या या गाड्या पण त्यातल्या लय साऱ्या अमेरिकेला गेल्या, आपल्याकडे हाताच्या बोटावर, त्यामुळे पार्ट म्हटलं की एकतर इंग्लंडहून मागवा आणि कस्टमचा भुर्दंड भरा नाहीतर कुणीतरी "आहे माझ्याकडे" म्हणणारा भेटतो. असलाच एक भेटला.

स्पेसर का लागले ते आधी सांगतो, नाहीतर लोक म्हणतील शायनिंगसाठी लावले. ही मूळची स्पोक व्हीलची गाडी आणि एमजीबीत स्पोकवाल्या गाडीचा मागचा अॅक्सल साध्या व्हीलवाल्यापेक्षा आखूड असतो. काकांनी स्पोकच्या कटकटीला वैतागून (पावसाळा झाला की गंज, ढिले स्पोक, आत ट्यूब पाहिजेच) हब बदलून साधी स्टीलची व्हील टाकली, पण अॅक्सल तोच राहिला. मग मागची चाकं मडगार्डच्या आत दडल्यासारखी दिसतात आणि थोडा रुंद टायर टाकला की आतून पाट्याला घासतो. यावर उपाय म्हणजे मागे स्पेसर. पातळ असेल तर तो नुसता मध्ये सरकवतात, पण मला २५ एमएम पाहिजे होता आणि एवढा जाड टाकला की गाडीचे मूळ स्टड (हबमधून बाहेर आलेले आट्याचे दांडे, ज्यावर नट लागतात) पुरत नाहीत, म्हणून बोल्ट-ऑन घ्यावा लागतो, म्हणजे स्पेसर हबवर नटांनी आवळायचा आणि स्पेसरला स्वतःचे जे स्टड असतात त्यावर चाक बसवायचं. आता लक्षात घ्या, मग अख्खं चाक त्या स्पेसरच्या चार स्टडवर.

विकणारा पुण्याकडचा. बोलायला एकदम गोड, प्रत्येक वाक्यात "सर" आणि गाडीची माहिती पण चांगली, त्यामुळे संशय यायचं कारण नव्हतं. मी मेसेजवर स्पष्ट विचारलं, पीसीडी (स्टड ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) किती? म्हणाला ११४.३ एमएम, बरोबर, एमजीबीचा तोच आहे. मटेरियल? फोर्ज्ड (दाबून घडवलेलं) ६०६१-टी६ अॅल्युमिनियम. बाहेरच्या स्टडचे आटे कुठले? तर म्हणाला हाफ इंच यूएनएफ (इंचाच्या मापाचे बारीक आटे) सर, ओरिजिनलसारखेच, तुमच्याच गाडीचे नट चालतात, वेगळे घ्यायची गरजच नाही. सोबत जर्मन भाषेतलं एक सर्टिफिकेट पाठवलं, शिक्का वगैरे मारलेलं. जोडीचे साडेचौदा हजार घेतले, पैसे भलत्याच कुणाच्या तरी नावाच्या खात्यावर घेतले आणि पावती मागितली तर कच्ची, वहीतलं पान फाडून.

माल आला तो काळ्या रंगात, पॅकिंग झकास. आतून आवळायला बारके नट दिलेले, ते हबच्या स्टडवर बरोबर बसले. गॅरेजवाल्याने बसवायच्या आधी मी विकणाऱ्याला फोन केला तर त्याने व्हॉइस नोट पाठवली, ती शब्दशः अशी (गन म्हणजे नट आवळायचं मशीन, टॉर्क रेंच म्हणजे ठरलेल्या जोराने आवळायचा पाना): "सर, गन अजिबात मारू नका, टॉर्क रेंच पण नको, अॅल्युमिनियम आहे, दबतं. हातपान्यानेच बेताने आवळा." ऐकायला किती काळजीचं वाटतं बघा! ही नोट मी जशीच्या तशी आमच्या गॅरेजवाल्याला फॉरवर्ड केली आणि त्याने तसंच केलं, बाहेरून गाडीचे जुने नट लावले, ते फिरले मस्त, बसले पण. गाडी काय दिसायला लागली म्हणून सांगू.

कासला फुलं बघून येताना यवतेश्वरचा घाट उतरतोय, शेजारी बायको, तर मागून डाव्या बाजूने टक टक टक. स्पीड कमी केला तर आवाज पण हळू, म्हणजे चाकाचंच. वळण संपल्यावर जागा बघून घेतली बाजूला. चाकाला हात लावला तर हलतंय. नटाला पाना लावायला गेलो तर पान्याची गरजच पडली नाही, चारातले दोन नट बोटाने फिरत होते, फिरतायत नुसते, ना घट्ट होतायत ना बाहेर येतायत. एक ओढला तर सरळ हातात आला आणि त्याच्या आतून बोटावर पातळ चकचकीत तारेसारखा चुरा पडला, सुतरफेणीच्या धाग्यासारखा बारीक. ते होते आटे. खाली दरी आहे तिथे, ज्यांना तो रस्ता माहितीय त्यांना जास्त सांगायला नको. टेम्पो बोलावून गाडी खाली आणली.

कोडोलीला एमआयडीसीत एक म्हातारे टर्नर आहेत, सगळे त्यांना तात्या म्हणतात. त्यांच्या टेबलावर नट आणि स्पेसर ठेवला. व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावायच्या आधीच म्हणाले, "आरं हा नट चार सुताचा आणि स्टड बारा एमएमचा, कुणी लावला हा?" मग मोजून दाखवलं. एमजीबीचा नट म्हणजे अर्धा इंच, १२.७ एमएम, इंचाला वीस आटे, म्हणजे एका आट्याचं अंतर १.२७. आणि स्पेसरवरचा स्टड बारा बाय सव्वा, म्हणजे जाडी १२ आणि अंतर १.२५. खरी मेख इथे आहे. अंतरात फरक फक्त ०.०२ चा, त्यामुळे नट अडकत नाही, तिरका जात नाही, गुळगुळीत फिरत शेवटपर्यंत जातो आणि घट्ट पण होतो. पण स्टड ०.७ एमएमने बारीक, त्यामुळे आटे एकमेकांत पुरते बसतच नाहीत, नुसती टोकं धरून असतात. जोर आला की टोकं सोलून निघतात. उलटं असतं, म्हणजे बारीक नट जाड स्टडवर, तर तो चढलाच नसता आणि गॅरेजमध्येच कळलं असतं.

"हे आठशेचं माप आहे रे," तात्या म्हणाले. मारुती ८०० चा पीसीडी पण ११४.३ च, चार होलच, आणि स्टड बारा बाय सव्वा! म्हणजे ८०० साठी मिळणारे स्वस्तातले स्पेसर घ्यायचे, मधलं भोक लेथवर मोठं करायचं, काळा रंग मारायचा आणि एमजीबीचे म्हणून विकायचे. लेथ मारलेल्या जागी रंग खरवडला तर आत टाचणीच्या टोकाएवढी छिद्रंच छिद्रं. फोर्ज केलेल्या मालात अशी छिद्रं नसतात, हे ओतीव आहे.

आता तुम्ही म्हणाल त्याला पण माहीत नसेल. तर ऐका. आतल्या बाजूचे जे बारके नट त्याने दिले ते बरोबर अर्ध्या इंचाचे होते, म्हणजे गाडीचं माप त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि टॉर्क रेंच नको का म्हणाला? एमजीबीच्या व्हील नटचा टॉर्क ६० ते ६५ पाउंड-फूट आहे, तेवढा लावला असता तर आटे गॅरेजमध्येच सोलले असते आणि हा जागेवर पकडला गेला असता. ही अडाणीपणाची चूक नाही, हा विचार करून केलेला उद्योग आहे, आणि माझा संताप पैशापेक्षा याच्यावर जास्त आहे.

सर्टिफिकेटचं तर विचारूच नका. भाची पुण्यात जर्मनचे क्लास करते, तिला पाठवलं. तिचा हसत फोन, मामा हे गाडीच्या मागे ट्रेलर ओढायचा जो हुक असतो ना त्याचं आहे.

विकणाऱ्याला फोन केला तर पहिल्यांदा म्हणाला फिटिंग चुकलं असेल. मग म्हणाला तुमचे नट वापरा असं मी बोललोच नाही, आणि बोलता बोलता मेसेज डिलीट करत सुटला, व्हॉइस नोट पण उडवली. पण फॉरवर्ड केलेली कॉपी गॅरेजवाल्याच्या फोनमध्ये तशीच राहते हे त्या शहाण्याला सुचलं नाही. हेराल्डवाल्याला पण त्याने "डायरेक्ट फिट" सांगितलंय, हेराल्डचा पीसीडी ९५.२५ आहे, तिथे तर होलच जुळणार नाहीत.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकतोय. दोन गोष्टी बऱ्याच जणांना माहीत नाहीत: विकणारा दुसऱ्या गावचा असला तरी २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथे तक्रार करता येते, आणि रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. विम्याकडून काही आशा ठेवू नका, असा बदल केलेल्या गाडीला काही झालं तर ते मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत बदल करण्याबद्दलचं) पुढे करू शकतात.

कुणी त्याच्याकडून आधीच घेतले असतील तर गाडी हलवू नका, चाक काढून स्टड व्हर्नियरने मोजा. १२.७ च्या आसपास यायला पाहिजे, १२ किंवा त्याच्या आत आलं की समजून जा. व्हर्नियर नसेल तर कुठलाही लेथवाला दोन मिनिटांत मोजून देतो, आमचे तात्या तर चहाचे पण घेत नाहीत. नट लावून दोन आटे चढल्यावर दाबून हलवून बघा, खडखड वाजला तर तो नट त्या स्टडचा नाही. आणि ते स्पेसर फेकू नका, अर्जाला जोडायला लागतात. माझ्यासारखे अजून दोघे-तिघे निघाले तर एकत्र जाता येईल, पावती नसली तरी पैसे पाठवल्याचे आणि बोलण्याचे स्क्रीनशॉट जपून ठेवा.