फोंडा-बोरी रस्त्यावरचं सुतारकामाचं वर्कशॉप: उशीर झाला तरी पाच तारे

चतुर्थीसाठी फणसाच्या लाकडाचा चौरंग आणि माटोळीची (गणपतीच्या वर टांगतात ती फळांची सजावट) चौकट अशी दोन कामं मी फोंड्याहून बोरीला जाताना लागणाऱ्या पत्र्याच्या शेडमधल्या वर्कशॉपला दिली होती. पाटी नाही, पण फणसाच्या फळ्यांची रास दारातच दिसते. चौरंग ठरल्यापेक्षा आठवडाभर उशिरा मिळाला. या उशिराबद्दल गिऱ्हाइकं कुरकुरतात हे मला माहीत आहे. मला मात्र तिथला उशीर पटला. का पटला ते सांगतो.

आधी काम. चौरंगाचे सांधे खिळे न मारता बसवलेत, डुगडुग अजिबात नाही. माटोळीला नारळ, सुपारीचे घोस, पपनसासारखी तोरिंगं बांधली की चौकटीवर केवढं ओझं येतं ते गोव्यात वेगळं सांगायला नको. चौकट जराही वाकली नाही. पॉलिश पावसाळ्यात नीट सुकलं नव्हतं, थोडं चिकटत होतं. चौरंगाचे 4,500 घेतले, फणसाच्या मानाने रास्त.

आता ती शेड. मी कुठल्याही सुताराकडे गेलो की आधी गोल करवतीचं मशीन, म्हणजे कटर, बघतो आणि मग तिथल्या पोरांचे हात. इथल्या कटरवर झाकण होतं, आणि ते खरंच खाली पाडलेलं होतं. पात्याच्या मागे पोलादी पट्टीही होती. बहुतेक ठिकाणी ही पट्टी आडवी येते म्हणून काढून टाकतात. लाकूड चिरताना काप मागून मिटतो, पात्याचे मागचे दात फळीत अडकतात आणि फळी उसळून माणसाच्या अंगावर येते. फळीवर टेकलेला हात त्याच झटक्यात पात्यावर जातो. ती पट्टी काप मिटू देत नाही, एवढंच तिचं काम. लहान तुकडे ढकलायला इथे लाकडी काठ्या टांगलेल्या आहेत. कटरवर हातमोजे घालू देत नाहीत, तेही बरोबर, कारण कापड दातात अडकलं की हाताला आत खेचतं.

माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीचं शेवटचं पेर सोळाव्या वर्षी असंच गेलं. दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये, चतुर्थीच्या घाईत, संध्याकाळी. मालक बाहेर गेले होते आणि पट्ट्या चिरून ठेव म्हणाले होते. मशीन कसं चालतं ते मला कोणी शिकवलं नव्हतं, आणि त्या वयात 'मला येत नाही' असं मालकाला तोंडावर सांगवत नाही.

जखम भरली की संपलं असं लोकांना वाटतं. कापलेल्या नसेच्या टोकाला गाठ धरते. माझी अजून आहे. टेबलाला बोट हलकं आपटलं तरी खांद्यापर्यंत झिणझिणतं. डिसेंबरातल्या सकाळी थंड पाण्यात बोट बधिर होतं. मी विजेच्या सामानाच्या दुकानात काउंटरवर असतो, बारीक स्क्रू चिमटीत टिकत नाहीत. भजनात मी तबल्यावर बसायचो. 'ना' वाजतो तर्जनीने. मधल्या बोटाने वाजवून बघितलं, तो नाद येत नाही. पुढे मी टाळ घेतले.

मालकाने दवाखान्याचं बिल भरलं, आईच्या हातात एक पाकीट दिलं, विषय मिटला. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात तर्जनीच्या एका पेराला 9 टक्के कमाईची ताकद गेली असं धरलं होतं आणि दावा दोन वर्षांच्या आत करायचा होता, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. घरी सांगणारं कोणी नव्हतं.

म्हणून इथल्या मालकांशी मी मुद्दाम बोललो. त्यांच्याकडे सतरा वर्षांचा एक मुलगा आहे. तो पॉलिश पेपर मारतो, मापं घेतो, हातकरवत आणि रंधा चालवतो. "बाब, याला कटरवर बसवलात तर माझा चौरंग लवकर होईल ना?" असं मी विचारून पाहिलं. ते हसलेसुद्धा नाहीत. "अठरा वर्सां जावंदीत, मागीर पळोवया," म्हणाले, म्हणजे अठरा वर्षं होऊ देत, मग बघू. अठरा झाल्यावरही पहिले काही महिने ते स्वतः शेजारी उभे राहतात. 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 23 मध्ये असंच काहीसं होतं, धोक्याच्या मशीनवर अल्पवयीन मुलाला लावायचं तर आधी धोके समजावायचे, आणि त्याला पुरेसं शिकवलेलं असायला हवं किंवा त्याच्यावर देखरेख हवी. पण चार माणसांच्या शेडमध्ये कलम बघायला कोण जातं! तिथे सगळं मालकावर असतं.

मशीन चालू असलं की मुलगाही कानावर मफ आणि नाकाला मास्क लावतो. लाकडाची धूळ आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच कर्करोगकारक ठरवली आहे. रोजच्या आवाजाने आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात आणि पोरांना ते कळतही नाही.

कटरवर दोनच माणसं बसणार, तर काम उशिरा होणारच. चतुर्थीचं काम हवं असेल तर मे महिन्यातच सांगा, श्रावणात ते नवीन ऑर्डर घेत नाहीत. "लवकर करा, जास्त देतो" असं तिथे कृपा करून म्हणू नका. पॉलिश उन्हाळ्यातच करून घ्या. मी देव्हाऱ्याची ऑर्डर दिली आहे, तारीख त्यांच्यावर सोडली आहे.