कानातलं नाटक: प्रेक्षकाचा फोन की भाड्याचे हेडफोन?

काळा घोड्याच्या गल्ल्यांमध्ये अनोळखी माणसांच्या जोड्या लावून, कानातल्या सूचनांवर चालणारा प्रयोग करायचाय? मग आधी आवाज कसा पोचवायचा ते ठरवा.

फोन स्वस्त पडतो. फाइल आदल्या दिवशी पाठवा आणि डाउनलोड करूनच या म्हणून बजावा. जागेवर नेटवरून वाजवली तर प्रत्येकाचं बफरिंग वेगळं. ‘तीन, दोन, एक’ म्हणून सगळ्यांनी प्ले दाबलं तरी सेकंदभर मागेपुढे होतंच. मध्येच कॉल आला तर आवाज थांबतो आणि तो माणूस शेवटपर्यंत मागे राहतो, म्हणून एअरप्लेन मोड हवाच. नुसतं चालायचं असेल तर हा फरक खपून जातो. पण ‘समोरच्याच्या डोळ्यांत बघा’ हे एकाला आधी ऐकू आलं, की तो टक लावून उभा आणि समोरची बाई अजून पर्स चाचपतेय!

जोडीच्या प्रयोगाला भाड्याचे रेडिओ हेडफोनच घ्यावेत; ट्रान्समीटरने सोडलेला आवाज त्यांत सगळ्यांना एकाच वेळी ऐकू येतो. दोन ट्रान्समीटर, दोन चॅनेल. एकाच स्टिरिओ फाइलची डावी बाजू जोडीतल्या ‘अ’ला, उजवी ‘ब’ला द्या, दोघांच्या सूचना एकमेकींच्या मागेपुढे होत नाहीत. ट्रान्समीटर बॅटरीसह पाठीवरच्या बॅगेत, गटाच्या मधोमध ठेवा. जाड दगडी भिंतींच्या कोपऱ्यावर सिग्नल तुटतो. लोकलमध्ये तर ट्रान्समीटर त्याच डब्यात हवा.

खरा धोका रस्ता ओलांडताना. कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनमधून बसचा हॉर्न नीट येत नाही. तिथे आवाज बंद करा आणि दोन्ही टोकांना स्वयंसेवक उभे करा.