कन्सेंटवर नाव आमचं, पण कारखाना दुसऱ्याचाच

भोसरी एमआयडीसीत आमचं पावडर कोटिंगचं युनिट आहे. गाड्यांचे सुटे भाग येतात, सात टाक्यांच्या लाइनमधून धुऊन, फॉस्फेटिंग होऊन (म्हणजे रंग नीट धरावा म्हणून धातूवर फॉस्फेटचा थर चढवून) कोटिंगला जातात. प्रदूषण नियंत्रण बोर्डाचा सगळा रोख असतो तो या टाक्यांवर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१६ च्या वर्गीकरणात फॉस्फेटिंग रेड श्रेणीत, म्हणजे सर्वांत जास्त प्रदूषण करणाऱ्या उद्योगांत, होतं. म्हणजे १९७४ चा पाण्याचा कायदा आणि १९८१ चा हवेचा कायदा यांखाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा कन्सेंट, म्हणजे युनिट चालवायची संमती हवी, घातक कचऱ्याचं ऑथरायझेशन (परवानगी) हवं, ३० जूनच्या आत कचऱ्याचं वार्षिक रिटर्न आणि ३० सप्टेंबरच्या आत एन्व्हायर्न्मेंट स्टेटमेंट, म्हणजे पर्यावरणाचं वार्षिक विवरण, भरायला हवं. लहान युनिटमध्ये यासाठी वेगळा माणूस ठेवणं परवडत नाही. म्हणून सगळे कन्सल्टंट लावतात, तसा आम्हीही लावला.

हा माणूस ओळखीतून आला होता. बोलणं नेमकं, नियम तोंडपाठ. कन्सेंटचं नूतनीकरण, रिटर्न, गाळ उचलणं, सगळं एका वार्षिक करारात. सरकारी फीसुद्धा त्याने स्वतःच्या खात्यावर मागितली, "मी ऑनलाइन भरतो, तुम्हाला कटकट नको" म्हणून. काही महिन्यांनी रंगीत प्रिंट हातात आली. बोर्डाचं बोधचिन्ह, सही, आमचं नाव, प्लॉट नंबर, सगळं जागच्या जागी. आम्ही ती फ्रेम करून ऑफिसात लावली.

भांडं फुटलं ते एका मोठ्या ग्राहकाच्या ऑडिटमध्ये. त्यांच्याकडून आलेल्या मॅडमनी पहिलं पान बाजूला ठेवलं आणि मागच्या अटी वाचायला घेतल्या. तिथे क्युपोला भट्टीच्या, म्हणजे ओतकामासाठी लोखंड वितळवायच्या भट्टीच्या, धुराड्याच्या उंचीची अट होती. पावडर कोटिंगच्या शेडमध्ये क्युपोला कुठून येणार? त्यांनी कागदावरचा यूएएन, म्हणजे अर्जाचा क्रमांक, तिथल्या तिथे मंडळाच्या पोर्टलवर टाकला, तर चाकणकडच्या एका फाउंड्रीचा कन्सेंट उघडला. त्याच कन्सेंटवर नाव, पत्ता आणि उत्पादनाची ओळ बदलून आम्हाला दिलेली. ऑर्डर त्याच दिवशी थांबल्या.

मंडळाच्या कार्यालयात गेल्यावर उरलेलं कळलं. आमच्या नावाने अर्ज खरोखर दाखल झाला होता. पण फी ठरते भांडवली गुंतवणुकीवर, आणि त्याने आमची गुंतवणूक निम्म्याहून कमी दाखवली होती. कमी फी भरून फरक खिशात घातला. मंडळाने सीएचं प्रमाणपत्र मागितलं, ते त्याच्याकडे नव्हतंच. उत्तर न गेल्याने अर्ज फेटाळला गेला, त्यावर नोटीसही निघाली. आमच्यापर्यंत यातलं अक्षरही आलं नाही, कारण पोर्टलवरचा ईमेल आणि मोबाइल दोन्ही त्याचे. सगळ्या फसवणुकीची मेख इथे आहे. लॉगिन ज्याच्या हातात, त्याच्याशीच मंडळ बोलतं. नोटिशीनंतरही गप्प राहिलं तर पाण्याच्या कायद्याच्या कलम ३३अ खाली युनिट बंद करून वीज आणि पाणी तोडण्याचा आदेश निघू शकतो, आणि तो आपल्याला गेटवरच कळतो.

पैशांपेक्षा जास्त जिव्हारी लागलं ते गाळाचं. फॉस्फेटिंगच्या टाकीच्या तळाशी राखाडी, चिकट गाळ बसतो. तो घातक कचऱ्यात मोडतो, नव्वद दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही आणि आमच्या भागातून तो रांजणगावच्या सामूहिक प्रक्रिया केंद्रात जायला हवा. या कन्सल्टंटचा टेम्पो वेळेवर यायचा, गोण्या भरायच्या, मॅनिफेस्टवर, म्हणजे कचऱ्याबरोबर जाणाऱ्या नोंदीच्या कागदावर, सह्या व्हायच्या. मॅनिफेस्टच्या सात प्रती असतात, प्रत्येकीचा रंग वेगळा. पिवळी आपल्याकडे राहते. निळी मात्र प्रक्रिया केंद्राने माल मिळाल्यावर आपल्याला परत पाठवायची असते. आमच्या फाइलमध्ये पिवळ्यांचा गठ्ठा आहे, निळी एकही नाही. विचारलं की तो म्हणायचा, "तिकडून उशीर होतो, वर्षअखेर एकदम येतात." रांजणगावला चौकशी केली, तर आमच्या नावावर काहीही पोचलेलं नाही.

मग तो गाळ गेला कुठे? इथले नाले एकीकडे पवनेला मिळतात, दुसरीकडे इंद्रायणीला. आळंदीच्या घाटाजवळ नदीवर तरंगणारा पांढरा फेस आपण सगळ्यांनी पाहिला आहे. तिथे वारकरी अंघोळ करतात, तेच पाणी तोंडात घेतात. आमच्या गोण्या कुठल्या ओढ्यात रिकाम्या झाल्या असतील, या विचाराने आमच्या घरात अजून कुणाला नीट झोप लागत नाही.

आता लॉगिन आमच्या ईमेलवर आहे, नवा अर्ज खऱ्या गुंतवणुकीच्या आकड्यासह गेला आहे आणि फी थेट पोर्टलवरून भरली, पावतीसकट. कन्सल्टंट आजही आहे, पण दुसरा, आणि त्याच्याकडे फक्त सल्ल्याचं काम. तुमच्याकडे कन्सेंट असेल तर आजच यूएएन टाकून बघा, आणि मागच्या अटी तुमच्याच यंत्रांच्या आहेत ना, ते ओळीओळीने वाचा. नोंदणीतला मोबाइल कुणाचा आहे तेही तपासा.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ आणि ३३६ खाली, म्हणजे फसवणूक आणि बनावट दस्तऐवज यांबद्दल, आम्ही तक्रार दिली आहे. टेम्पोचा नंबरही पोलिसांना आणि मंडळाला लेखी कळवला आहे. तक्रारीनंतर आमच्याच गल्लीतल्या आणखी दोन युनिटमध्ये याच माणसाचे कागद निघाले. भोसरी, चाकण, तळवडे भागात ज्यांचा गाळ उचलला गेला पण निळी प्रत आली नाही, त्यांनी पिवळ्या प्रती फेकू नका. गाडीचा नंबर त्यांवर लिहिलेला असतो.