सॉक्स-९ आणि रंक्स-२: मुकादम कोण?

गंगापूर रोडवर आमच्या शिकवणीसमोर स्लॅबचं सेंटरिंग चाललंय. मुलांना मी तेच दाखवते. गर्भात हातापायांची हाडं थेट बनत नाहीत, आधी कूर्चेचा (कानाच्या पाळीसारख्या लवचीक ऊतीचा, कार्टिलेजचा) साचा उभा राहतो. तो उभारणारं जनुक सॉक्स-९. साच्याच्या जागी हाड आणणारं रंक्स-२.

१९९७ मध्ये उंदरांमधून रंक्स-२ च्या दोन्ही प्रती काढून पाहिल्या. पिल्लांना सांगाडा होता, पण सगळा कूर्चेचा! श्वास न घेता आल्याने ती जन्मताच गेली. माणसात एकच प्रत बिघडली, तर जगता येतं. कॉलरबोन खुजं किंवा गायब, आणि डोक्यावरची टाळू वर्षानुवर्षं भरत नाही. (कवटीची चपटी हाडं कूर्चेशिवाय बनतात, तिथे रंक्स-२ वरच भिस्त.)

सॉक्स-९ ची एक प्रत बिघडली, तर पायांची हाडं वाकतात, श्वासनलिका मऊ राहते, अनेक बाळं दगावतात. म्हणून मुकादम कोण यावर माझं मत सॉक्स-९ ला.

सेंटरिंगची उपमा मात्र अपुरीच. ते काही आठवड्यांत निघतं. हाडांच्या टोकांजवळची कूर्चा उंची वाढणं थांबेपर्यंत कामावर असते.