एम्बेडेड लिनक्सवर डीएनएस आणि प्रॉक्सी: स्थानिक डीएनएसमास्कचा काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

बिझीबॉक्सवर (एम्बेडेड लिनक्ससाठीच्या मूलभूत आज्ञांच्या छोट्या संचावर) चालणाऱ्या छोट्या गेटवे बोर्डांवर मी गेले काही महिने एकच रचना वापरत आहे. बोर्डावरचा प्रत्येक प्रोग्रॅम यजमानाच्या नावाचा आयपी पत्ता १२७.०.०.१ वर (म्हणजे बोर्डावरच) ऐकणाऱ्या डीएनएसमास्क या छोट्या डीएनएस सर्व्हरला विचारतो, नावांचे पत्ते सांगणाऱ्या बाहेरच्या नेमसर्व्हरशी फक्त डीएनएसमास्क बोलतो आणि एचटीटीपीची वाहतूक प्रॉक्सी या मध्यस्थ सर्व्हरमार्गे जाते. डीएनएसचा भाग आता निर्धास्तपणे चालतो, प्रॉक्सीच्या भागावर मात्र अजूनही लक्ष ठेवावे लागते.

ही रचना स्वीकारण्याचे मुख्य कारण म्हणजे नेमसर्व्हरांचे पत्ते असलेल्या रिझॉल्व्ह.कॉन्फ या फाइलची मालकी. डीएचसीपीने आयपी पत्ता मागणारी यूडीएचसीपीसी लीज (ठरावीक मुदतीसाठीचा पत्ता) मिळाल्यावर आणि प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी आपली स्क्रिप्ट चालवते व ती स्क्रिप्ट ही फाइल नव्याने लिहिते. त्यामुळे हाताने घातलेला नेमसर्व्हर टिकतो, पण लीजचा साधारण निम्मा काळ सरेपर्यंतच. चाचणीत सर्व सुरळीत दिसते आणि काही तासांनी बोर्ड जुन्या सर्व्हरकडे वळतो, याचे कारण बहुधा हेच असते. मूळ फाइलप्रणाली केवळ वाचनीय असेल, तर ही फाइल तात्पुरत्या मेमरीतील फाइलकडे नेणारी लिंक असते, त्यामुळे तिच्यातला बदल रीबूटनंतरही उरत नाही. आता डीएचसीपीची स्क्रिप्ट एका वेगळ्या फाइलमध्ये लिहिते, डीएनएसमास्क तीच फाइल वाचतो आणि रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये १२७.०.०.१ ही एकच ओळ कायम राहते. सिस्टमडी-रिझॉल्व्हड ही नावे शोधणारी स्थानिक सेवा असलेल्या बोर्डांवर हेच काम १२७.०.०.५३ या पत्त्यावर होते. तिथे दुसरा मध्यस्थ बसवण्यात अर्थ नाही.

दुसरा लाभ वेळेचा. जीलिबसी ही लिनक्सची नेहमीची सी लायब्ररी रिझॉल्व्ह.कॉन्फमधील पहिले तीनच नेमसर्व्हर मानते, त्यांना क्रमाने विचारते आणि प्रत्येकासाठी मुळात ५ सेकंद थांबते. पहिला सर्व्हर बंद असला की प्रत्येक नव्या चौकशीत ते ५ सेकंद पुन्हा मोजावे लागतात, आणि ज्या सेवेची स्वतःची मुदत त्याहून कमी असते ती सेवा दुसऱ्या सर्व्हरचे उत्तर येण्याआधीच हार मानते. मसल या दुसऱ्या, छोट्या सी लायब्ररीचा स्वभाव निराळा आहे. ते सर्व सर्व्हरांना एकाच वेळी विचारते आणि पहिले ग्राह्य उत्तर स्वीकारते, म्हणून 'आधी अंतर्गत सर्व्हर, मग सार्वजनिक' असा क्रम मसलवर निरर्थक ठरतो: अंतर्गत नावाबद्दल सार्वजनिक सर्व्हरने 'असे नाव नाही' असे आधी कळवले, तर तेच अंतिम मानले जाते. शिवाय १.२.४ या २०२३ च्या आवृत्तीपूर्वी मसलच्या रिझॉल्व्हरला टीसीपीवर जाता येत नसे, त्यामुळे लांबलचक उत्तरे अर्धवट राहत. डीएनएसमास्कमध्ये अंतर्गत डोमेनसाठी अंतर्गत सर्व्हर एका ओळीत नेमता येतो आणि कोणती सी लायब्ररी आहे याची फिकीर उरत नाही. त्याचा कॅश मुळात १५० नोंदींचा असतो. मोजक्याच ठिकाणी बोलणाऱ्या उपकरणाला तो पुरून उरतो.

तक्रार एकच, रीबाइंड संरक्षणाची. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या लिनक्समध्ये ते मुळातच चालू असते आणि वरच्या सर्व्हरने खासगी पत्ता दिला तर ते उत्तर टाकून दिले जाते. संरक्षण योग्यच आहे, पण अंतर्गत डोमेनला त्यातून नाव घेऊन वगळावे लागते, आणि तसे केले नाही तर नेमके अंतर्गत सर्व्हरच 'सापडत नाहीत'.

प्रॉक्सीला मात्र असा एक मालक मिळत नाही. एचटीटीपी_प्रॉक्सी आणि एचटीटीपीएस_प्रॉक्सी ही पर्यावरण चले म्हणजे केवळ रूढी आहे. ती वाचायची की नाही हे प्रत्येक प्रोग्रॅम स्वतः ठरवतो. ती प्रोफाइल फाइलमध्ये लिहिली, तर लॉगिन करणाऱ्याला प्रॉक्सी मिळते आणि बूटच्या वेळी सुरू होणाऱ्या सेवांना मिळत नाही, कारण त्या सेवा प्रोफाइल वाचतच नाहीत. मी ती प्रत्येक सेवेच्या युनिट फाइलमध्ये किंवा इनिट स्क्रिप्टमध्ये देतो. हे कंटाळवाणे आहे, पण कोण कुठून बाहेर जाते हे त्यामुळे स्पष्ट दिसते. कर्ल ही डाउनलोडची आज्ञा एचटीटीपी_प्रॉक्सी हे नाव फक्त लहान इंग्रजी अक्षरांतच ओळखते, आणि नो_प्रॉक्सीमध्ये (प्रॉक्सी टाळायच्या पत्त्यांच्या यादीत) १०.०.०.०/८ अशी श्रेणी ७.८६.० या आवृत्तीपासूनच समजते. जुन्या फर्मवेअरमध्ये अशी श्रेणी निमूटपणे दुर्लक्षिली जाते आणि स्थानिक वाहतूकही प्रॉक्सीवर जाऊन आदळते. पासवर्ड या चलात ठेवायचा असल्यास त्यातल्या ॲट चिन्हाच्या जागी %40 असे (अंक इंग्रजीतच) लिहावे लागते. शिवाय तो पासवर्ड प्रॉक या चालू प्रक्रियांची माहिती देणाऱ्या फाइलप्रणालीतून रूटला सहज वाचता येतो, म्हणून बोर्डासाठी मर्यादित अधिकारांचे स्वतंत्र खाते घेणे बरे.

एचटीटीपी प्रॉक्सी वापरताना दूरच्या यजमानाचे नाव प्रॉक्सीच शोधते. त्यामुळे बोर्डावरचे डीएनएस पूर्ण बंद असूनही अद्यतने येत राहू शकतात, फक्त प्रॉक्सीचा पत्ता आयपी स्वरूपात दिलेला हवा. सॉक्स या दुसऱ्या प्रकारच्या प्रॉक्सीच्या बाबतीत कर्लमध्ये 'सॉक्स५' लिहिल्यास नाव बोर्डावर शोधले जाते आणि 'सॉक्स५एच' लिहिल्यास प्रॉक्सीवर. एका अक्षराचा हा फरक बंदिस्त नेटवर्कमध्ये निर्णायक ठरतो.

घड्याळाचा प्रश्न याच गुंत्यातला आहे. बॅटरीवरचे घड्याळ नसलेला बोर्ड चुकीच्या जुन्या तारखेने उठतो आणि टीएलएस प्रमाणपत्रे 'अद्याप लागू नाहीत' म्हणून नाकारतो. वेळ दुरुस्त करणारी एनटीपी यूडीपीच्या १२३ पोर्टवरून जाते. एचटीटीपी प्रॉक्सी तिला नेऊ शकत नाही. डीएनएससेक (डीएनएस उत्तरांच्या स्वाक्षऱ्यांची पडताळणी) चालू असेल, तर एनटीपी सर्व्हरचे नाव पडताळण्यासाठीच बरोबर वेळ लागते. अंतर्गत एनटीपी सर्व्हर थेट आयपी पत्त्याने नेमल्यावर हे चक्र सुटले.

मायक्रोकंट्रोलरवर यातले फारसे काही लागू होत नाही. तिथे एलडब्ल्यूआयपी या छोट्या नेटवर्क लायब्ररीमध्ये मुळात दोनच नेमसर्व्हरांना जागा असते, डीएचसीपी ती जागा स्वतः भरते, आणि प्रॉक्सीशी कनेक्ट या एचटीटीपी विनंतीची बोलणी ॲप्लिकेशनलाच करावी लागतात.

तपासणीसाठी मी एनएसलुकअपवर विसंबत नाही. ते सर्व्हरला स्वतः प्रश्न विचारते, होस्ट्स फाइल पाहत नाही आणि सी लायब्ररीचा मार्ग टाळते, त्यामुळे त्याला उत्तर मिळूनही सेवा अडलेली असू शकते. गेटएन्ट होस्ट्स ही आज्ञा सेवा ज्या वाटेने जाते त्याच वाटेने जाते. प्रॉक्सीसाठी तेवढी खात्रीशीर आज्ञा नाही. चालू प्रक्रियेची पर्यावरण चले प्रॉकमधून वाचून पाहणे हाच सध्या माझा मार्ग आहे.