आरसिंक की टार? मालकी आणि परवानग्या जपायच्या असतील तर

डिस्क बदलायची आहे, नवा सर्व्हर घ्यायचा आहे, आणि फाइल्सबरोबर त्यांचा मालक, ग्रुप, परवानग्याही जशाच्या तशा हव्या आहेत, तर गाडी शेवटी लिनक्सच्या या दोन प्रोग्रॅमशी येऊन थांबते: आरसिंक फाइल्स दुसऱ्या जागी कॉपी करतं आणि पुढे फक्त बदललेल्या नेतं, टार सगळ्या फाइल्स एकाच फाइलमध्ये बांधतं. मी दोन्ही वापरतो. गिरगावातल्या आमच्या लहानशा ऑफिसात डेबियन लिनक्सचा एक सर्व्हर आहे, त्याच्या अनुभवावरून लिहितोय.

तिथे दोन वर्षं आरसिंकच होतं. रोज रात्री ‘-ए’ (मालक, परवानग्यांसकट कॉपी करायचा पर्याय) लावून लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या पोर्टेबल डिस्कवर कॉपी व्हायची. गेल्या पावसाळ्यात सर्व्हरची डिस्क गेली. नव्या डिस्कवर सगळं परत आणलं, एकही फाइल कमी नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी हिशेब बघणाऱ्या काकूंनी हाक मारली, “अरे, पगाराचा फोल्डर त्या नव्या मुलाच्या मशिनवर उघडतोय. असं कसं?”

बघितलं तर आधी २७७० (फक्त मालक आणि ग्रुपला प्रवेश) असलेला फोल्डर ७५५ (कुणीही वाचू शकेल असा) झालेला, मालक रूट म्हणजे सर्व्हरचा मुख्य ॲडमिन, ग्रुपही रूट. आतली प्रत्येक एक्सेल फाइलसुद्धा ७५५. एसीएल, म्हणजे ठरावीक लोकांना दिलेल्या वेगळ्या परवानग्या, तर औषधालाही उरले नव्हते.

पोर्टेबल डिस्क एक्सफॅट होती, म्हणजे विंडोज आणि लिनक्स दोन्हींना वाचता येणाऱ्या फाइलसिस्टिमची. एक्सफॅटमध्ये मालक आणि परवानग्या ठेवायला जागाच नसते. माउंट करताना (डिस्क सिस्टिमला जोडताना) जे ठरतं तेच सगळ्या फाइल्सना दिसतं. आरसिंक ही माहिती पलीकडच्या फाइलसिस्टिमवरच ठेवतं, त्यामुळे तिथे ती मावली नाही तर गेलीच. त्यानं तक्रार केली होती, रोज कोड २३ (सगळं नीट कॉपी झालं नाही, याची खूण) देऊन थांबत होतं, पण लॉग कुणी उघडत नव्हतं. मालकी बाजूला नोंदवून ठेवणारी ‘--फेक-सुपर’ नावाची सोय आहे, पण तिला एक्स्टेंडेड ॲट्रिब्यूट (फाइलला चिकटवलेली जादा माहिती) लागतात आणि एक्सफॅटवर तेही नाहीत.

मग डिस्क ईएक्सटी४ (लिनक्सची स्वतःची फाइलसिस्टिम) करून टाकायची, हे सरळ उत्तर. घरी मी तेच केलंय, आणि ‘-ए’ बरोबर मोठे एच, ए, एक्स आणि ‘--न्यूमरिक-आयडीज’ (मालक नावाने नाही, आकड्याने जपणारं) लावलं की आरसिंकला खरंच तोड नाही. (नुसत्या ‘-ए’मध्ये हार्डलिंक म्हणजे एकाच फाइलची अनेक नावं, एसीएल आणि एक्स्टेंडेड ॲट्रिब्यूट येत नाहीत, हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं.) पण ऑफिसातली डिस्क फिरती आहे. हिशेबाच्या विंडोज मशिनला ईएक्सटी४ डिस्क लावली की ते फॉरमॅट करू का म्हणून विचारतं. घाईत कुणी ‘हो’ म्हटलं तर? माझ्यासाठी निकाल इथेच लागला.

टारमध्ये ही सगळी माहिती फाइलच्या पोटातच असते. खालची डिस्क कुठलीही असो, टारची फाइल तिथे नुसती पडून राहते. बनवताना आणि उघडताना, दोन्ही वेळा ‘--एसीएल्स’ आणि ‘--एक्सॲटर्स’ द्यायचं. उघडताना आणखी ‘--एक्सॲटर्स-इन्क्लूड’ला तारांकन द्यायचं, नाहीतर फक्त ‘युजर’ने सुरू होणारे ॲट्रिब्यूट परत येतात आणि प्रोग्रॅमना दिलेल्या कॅपॅबिलिटीज (रूटचे काही ठरावीक अधिकार) गळतात. लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरून चालवलेल्या लिनक्समधून) रिस्टोअर करत असाल तर ‘--न्यूमरिक-ओनर’ विसरू नका. टार आधी नाव जुळवतं, आणि त्याच नावाला लाइव्ह सिस्टिमवर वेगळा आकडा असेल तर मालकी भलत्याकडे जाते.

टारचा त्रास नाही असं नाही. रोज थोडंच बदलत असेल तरी अख्खी फाइल नव्याने बांधणं जिवावर येतं, म्हणून आम्ही ते आठवड्यातून एकदाच करतो. कॉम्प्रेस केलेल्या मोठ्या टारमधून एक पीडीएफ काढायची तर मी चहाला खाली जाऊन येतो. तुमचा डेटा प्रचंड असेल आणि पलीकडे लिनक्सच असेल, तर बहुधा आरसिंकच बरं पडेल.

फाइल्स जागेवर आहेत आणि कुणीतरी चुकून ‘चमॉड -आर ७७७’ (सगळं सगळ्यांना खुलं करणारी कमांड) मारलाय, अशा वेळी मात्र दोन्ही नकोत. ‘गेटएफएसीएल -आर’ने आधी घेतलेली परवानग्यांच्या नोंदीची टेक्स्ट फाइल ‘सेटएफएसीएल --रिस्टोअर’ला दिली की मालक, ग्रुप, परवानग्या आणि एसीएल जागेवर येतात, फक्त ते रूट म्हणून चालवायचं. ती फाइल आमच्याकडे रोज रात्री बनते.

परवा लॅमिंग्टन रोडवरून दुसरी डिस्क आणली. तीही एक्सफॅटच राहू दिली आहे, आणि पहिली टार उघडून आधी पगाराचा फोल्डर त्या नव्या मुलाच्या लॉगिनने तपासला. उघडला नाही.