सिनॉप्सिस तपासून देणारी सेवा: एका निवासी डॉक्टरचा अभिप्राय

सामाजिक वैद्यकशास्त्राच्या पदव्युत्तर प्रबंधाचा आराखडा (सिनॉप्सिस) महाविद्यालयाच्या समितीसमोर ठेवण्यापूर्वी तो एकदा बाहेरून तपासून घ्यावा, म्हणून मी अडीच हजार रुपये भरून एका खाजगी सेवेकडे पाठवला. सेवेचे नाव लिहीत नाही, कारण या धर्तीचे काम करणारे बरेच जण आहेत आणि मला बोलायचे आहे ते कामाच्या पद्धतीविषयी. आठव्या दिवशी अकरा पानांचा अहवाल आला. शोधप्रश्न, परिकल्पना (म्हणजे अभ्यासातून पडताळून पाहायचे अपेक्षित उत्तर) आणि उद्दिष्टे या तिन्हींना त्यात स्वतंत्र गुण दिले होते.

विषय होता गर्भवतींनी घ्यायच्या लोहाच्या गोळ्यांचा. ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमानुसार गरोदरपणात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असलेली लाल गोळी रोज एक, अशी १८० दिवस द्यायची असते. प्रत्यक्षात बऱ्याच पाकिटांतल्या गोळ्या घरी तशाच राहतात. माझा मूळ प्रश्न असा होता: ‘लोहाच्या गोळ्यांविषयी गर्भवतींमध्ये जागरूकता वाढवण्याची गरज आहे का?’ समासात तपासणाऱ्याने एकच ओळ लिहिली होती, ‘याचे उत्तर “नाही” असे केव्हा येईल?’ त्या ओळीपुढे मी बराच वेळ थांबलो. ‘नाही’ हे उत्तर येण्याची सोयच मी ठेवली नव्हती, म्हणजे तो प्रश्न नव्हताच, प्रश्नचिन्ह लावलेले माझे मत होते.

याहून उपयोगी ठरला तो शेवटच्या पानावरचा रिकामा तक्ता. उभ्या बाजूला ‘गेल्या ३० दिवसांत घेतलेल्या गोळ्या’, आडव्या बाजूला ‘हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी’ आणि ‘११ किंवा अधिक’, आणि सगळे रकाने कोरे. खाली सूचना होती की प्रत्येक उद्दिष्टासाठी असा एक तक्ता काढावा आणि ज्याचा तक्ता काढता येत नाही ते उद्दिष्ट वगळावे. तक्ते काढायला बसल्यावर दोन गोष्टी उघड झाल्या: ‘नियमित सेवन’ म्हणजे किती गोळ्या हे मी कुठेच ठरवले नव्हते, आणि हिमोग्लोबिनची नोंद घेण्याचा उल्लेख माझ्या प्रश्नावलीत नव्हताच. परिकल्पना मात्र रक्तक्षयाविषयीच, म्हणजे हिमोग्लोबिन कमी असण्याविषयीच, मांडली होती. शुल्क एवढ्यासाठीही वसूल झाले, असे मी म्हणेन.

उरलेला अहवाल ठोकळेबाज आहे. प्रश्न चांगला आहे का हे ठरवण्यासाठी वैद्यकीय संशोधनात ‘फायनर’ ही कसोटी वापरतात, म्हणजे प्रश्न व्यवहार्य, रोचक, नवा, नैतिक आणि समर्पक हवा. आणि मांडणीसाठी ‘पिको’, म्हणजे कोणावर, कोणता उपाय, कशाच्या तुलनेत आणि कोणता परिणाम. दोन्ही कसोट्या चांगल्याच आहेत, पण माझा अभ्यास फक्त निरीक्षणाचा, म्हणजे स्वतः कोणताही उपाय न करता नोंदी घेण्याचा, असताना पिकोचे चार रकाने भरण्याच्या हट्टापायी त्यात ‘आशा कार्यकर्तीने दर आठवड्याला आठवण करून देणे’ हा उपाय घुसवण्यात आला. तसे केले की तो अभ्यास उपाय करून पाहणारी चाचणी (ट्रायल) होतो, आणि मग पहिली स्त्री सहभागी होण्याआधीच भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत त्याची नोंद करावी लागते. याविषयी एक शब्दही न लिहिता त्याच पानावर ‘व्यवहार्य’ समोर बरोबरची खूण केलेली आहे.

उद्दिष्टांच्या बाबतीत फक्त क्रियापदे बदलली गेली. ‘अभ्यासणे’च्या जागी ‘मूल्यमापन करणे’ आले; परंतु ‘गोळ्यांचे महत्त्व पटवून देणे’ हे आरोग्यशिक्षणाचे काम संशोधनाचे उद्दिष्ट म्हणून तसेच राहिले, ते माझ्या मार्गदर्शकांनी पहिल्याच वाचनात खोडले. प्रत्येक उद्दिष्टाला एक परिकल्पना जोडावी, ही सूचनाही चुकीची आहे. नियमित गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण किती, एवढेच मोजायचे असेल तर तिथे परिकल्पनेला काही काम नसते. (आपल्याकडे ‘गृहीतक’ हा शब्द परिकल्पनेसाठीही वापरतात आणि आधीच मान्य करून टाकलेल्या गोष्टीसाठीही, माझ्या आराखड्यातला घोळ काही अंशी त्यातूनच झाला होता, आणि अहवालात तो कोणी दाखवला नाही.)

सर्वांत गंभीर बाब फोनवरची. परिकल्पनेची दिशा, म्हणजे कोणत्या गटात रक्तक्षय जास्त असेल असे आधी मांडायचे, ती कशी ठरवावी असे सेवेला विचारल्यावर, ‘आकडे हाती आल्यावर जुळवून घ्या, समितीला कळत नाही,’ असे उत्तर मिळाले. निकाल पाहून मागाहून परिकल्पना रचायची आणि ती आधीपासूनच होती असे दाखवायचे, या प्रकाराला मानसशास्त्रज्ञ नॉर्बर्ट केर यांनी १९९८ साली ‘हार्किंग’ हे नाव दिले, आणि तो दोष मानला जातो. पैसे घेऊन गुणवत्ता तपासणाऱ्याने हा सल्ला द्यावा, हे मला पटलेले नाही.

दुसऱ्या फेरीचे बाराशे रुपये वेगळे मागतात, ते मी भरले नाहीत. सेवा घ्यायचीच असेल तर संपूर्ण आराखडा न पाठवता प्रश्न आणि उद्दिष्टांचे एक पान पाठवावे, आणि गुणांऐवजी रिकामे तक्ते मागावेत.